लेझर कटर घेताय? आधी खिडकी बघा

लेझर कटरच्या विक्रेत्याला शाळेतून फोन गेला की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, चाळीस वॉट देऊ की साठ?’ मुख्याध्यापक शेजारी बसलेल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे बघतात. शिक्षक साठ म्हणतात, कारण साठ हा आकडा चाळीसपेक्षा मोठा आहे. मग तीन कोटेशनं मागवली जातात, सगळ्यात कमी रकमेवर खूण होते आणि महिन्याभरात पत्र्याचं एक भलंमोठं खोकं कार्यशाळेच्या दारात येऊन उभं राहतं. दार तीन फुटांचं, खोकं साडेतीन फुटांचं. चौकट काढून यंत्र आत घेतलं जातं, उद्घाटनाला पाहुण्यांच्या नावाची की-चेन कापली जाते, खोलीत धूर भरतो आणि तेव्हा कुठे कुणीतरी विचारतं, ‘हा धूर सोडायचा कुठे?’

शाळेच्या लेझर कटरची निवड याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवी. वॉट, बेडचा आकार, कंपनी हे सगळं नंतर. ज्या खोलीला बाहेरची भिंत नाही, त्या खोलीसाठी निवडलेलं यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते वर्षभरात कापडाखाली जातं.

शाळांच्या हाती आता पैसा येऊ लागला आहे, म्हणून हे सांगण्याची गरज आहे. निवडलेल्या शाळेला अटल टिंकरिंग लॅब या शालेय कार्यशाळेसाठी केंद्र सरकारकडून २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. त्यातले १० लाख उभारणीसाठी आणि बाकीचे पाच वर्षांच्या खर्चासाठी. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. कुठे एखाद्या कंपनीचा सीएसआर निधी असतो, तर कुठे पंचवीस वर्षांनी जमलेली दहावीची बॅच शाळेला ‘काहीतरी भारी’ द्यायचं ठरवते. शाळेत अशी कार्यशाळा असण्याची कल्पना महाराष्ट्राला अजिबात परकी नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, हे तिथलं सूत्र. तिथूनच ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय अनेक शाळांच्या आठवी ते दहावीच्या वर्गांत पोचला. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या फॅब लॅबच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या खुल्या कार्यशाळेच्या, कल्पनेतून त्या विद्यापीठाबाहेर ज्या अगदी पहिल्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, त्यांतली एक २००२ साली या पाबळमध्येच सुरू झाली. आणि लेझर कटर म्हणजे फॅब लॅबमधलं सगळ्यात जास्त राबणारं यंत्र.

महाराष्ट्राशी जोडणारा दुसरा धागा याहून जुना आहे. शाळांमध्ये घेतल्या जाणाऱ्या बहुतेक कटरांत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर असतो. तो १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार केला कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म १९३८चा, बारामतीचा; अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयातलं. काचेच्या नळीत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम यांचं मिश्रण भरायचं, त्यातून हजारो व्होल्टचा प्रवाह सोडायचा. नायट्रोजनचे रेणू उत्तेजित होतात आणि आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडला देतात, तो ती प्रकाशाच्या रूपात सोडतो. हा प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर. तीन आरशांवरून वळवून तो भिंगापाशी आणला, की ज्या ठिपक्यावर एकवटतो तिथलं लाकूड किंवा ॲक्रिलिक क्षणात वाफ होऊन जातं.

बाजारात याशिवाय दुसरं एक स्वस्त यंत्र मिळतं, निळ्या डायोड लेझरचं. नुसती ॲल्युमिनियमची चौकट, वर सरकणारं डोकं, चारी बाजूंनी उघडं. ऑनलाइन दुकानांतली चित्रं बघून अनेक शिक्षकांना मोह होतो तो याचाच. त्याचा प्रकाश ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे डोळ्याला दिसणारा निळा. तो डोळ्याच्या भिंगातून आत शिरतो आणि थेट पडद्यावर एकवटतो. कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण डोळ्याच्या पृष्ठभागावरच अडतो. तिथे तो भाजतो, इजाही करतो, पण आतपर्यंत जात नाही. शिवाय निळा किरण पारदर्शक ॲक्रिलिकमधून आरपार निघून जातो, त्यामुळे ते कापता येत नाही. कार्बन डायऑक्साइड लेझरच्या किरणाला तेच ॲक्रिलिक अभेद्य असतं, म्हणून ते कापलंही जातं आणि त्याचंच पारदर्शक झाकण करून मुलांना आतलं काम दाखवताही येतं. निळ्या यंत्रावर तसलं पारदर्शक झाकण म्हणजे निव्वळ देखावा. त्याला नारिंगी रंगाचं, त्या तरंगलांबीसाठी बनवलेलं झाकण लागतं. पन्नास मुलांच्या वर्गात पन्नास गॉगल पन्नास नाकांवर टिकतील यावर ज्याचा विश्वास आहे त्याने उघडं यंत्र घ्यावं. इतरांनी ‘क्लास १’ हा शब्द लक्षात ठेवावा. आयईसी ६०८२५-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, झाकण बंद असताना ज्या यंत्रातून धोकादायक किरण बाहेर येत नाही ते क्लास १. आतली नळी मात्र क्लास ४ची, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गातली असते. त्यामुळे झाकण उचलताक्षणी लेझर बंद पाडणारा इंटरलॉक हा त्या यंत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. स्वस्त आयात यंत्रांत तो कधी कधी नसतोच, किंवा तंत्रज्ञ ‘कटकट नको’ म्हणून दोन तारा जोडून टाकतो.

आता वॉटकडे येऊ. वॉट म्हणजे शाळेच्या भाषेत वेळ. पस्तीस मिनिटांचा तास, पन्नासेक मुलं. प्रत्येकाला तीन मिलिमीटर एमडीएफचा दहा सेंटिमीटरचा चौकोन कापायचा आहे असं धरू. परीघ चाळीस सेंटिमीटर. साठ वॉटचं यंत्र सेकंदाला पंधरा मिलिमीटर वेगानं तो सत्तावीस सेकंदांत कापतं. अख्ख्या वर्गाचं काम तेवीस मिनिटांत. चाळीस वॉटला याच्या दीडपट-दुप्पट वेळ लागतो. इथपर्यंत विक्रेत्याचं बरोबर आहे. पण त्याच चौकोनावर मुलाने पूर्ण भरून फोटो कोरायचा म्हटला तर? दर ०.१ मिलिमीटरला एक याप्रमाणे हजार ओळी, डोकं हजार वेळा जाणार-येणार, एका चौकोनाला सात-आठ मिनिटं. वर्गाला दहा तासिका! साठाचे ऐंशी वॉट केले तरी या कामात फारसा फरक पडत नाही, कारण वेळ डोक्याच्या धावण्यात जातो. म्हणून वॉट वाढवण्याआधी शिक्षकाने फोटो कोरण्यावर बंदी घालावी. थ्रीडी प्रिंटरच्या तुलनेत तरीही लेझर कितीतरी सरस. प्रिंटरवर एका मुलाची एक वस्तू व्हायला तास लागतात आणि उरलेला वर्ग बघत बसतो.

बेडचा आकार ठरवताना प्लायच्या दुकानात चक्कर मारावी. एमडीएफ आणि प्लायचं शीट आठ बाय चार फुटांचं, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर येतं. बेड ६०० बाय ४०० मिलिमीटरचा असेल तर एका शीटचे बरोबर बारा तुकडे पडतात, करवतीच्या जाडीपुरती जागा सोडून. दुकानदाराकडूनच कापून आणायचे, शाळेत करवत चालवायची गरज नाही. एका तुकड्यावर दहा सेंटिमीटरचे पंधरा चौकोन सहज बसतात. शाळेला याहून मोठा बेड क्वचितच लागतो, आणि मोठ्या बेडबरोबर मोठं दार लागतं हे आधी आलंच आहे.

आणि वॉटचा आकडा खरा आहे का, हे बघायला मोजपट्टी पुरते. लेझरच्या काचेच्या नळीची ताकद मुख्यतः तिच्या लांबीवर ठरते. सत्तर सेंटिमीटरच्या नळीतून चाळीस वॉटही धाप लागत निघतात. साठ वॉटची नळी साधारणपणे मीटरहून लांब असते आणि यंत्राच्या पाठीमागून बऱ्याचदा डोकावते. डायोड यंत्रांच्या जाहिरातीत तर कधी कधी खाल्लेली वीज वॉटमध्ये सांगतात, बाहेर पडलेला प्रकाश नाही.

आता धूर. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू आणि फॉर्मल्डिहाइडयुक्त राळ. ती जळते तेव्हा डोळे चुरचुरवणारा वायू आणि फुफ्फुसात खोलवर जाणारे बारीक कण सुटतात. ॲक्रिलिकचा वास तिखट-गोड आणि चिकट. कपड्यांना संध्याकाळपर्यंत सोडत नाही. यंत्राबरोबर जो लहान पंखा फुकट येतो तो धूर यंत्रातून काढून खोलीत सोडण्यापुरता. खरी व्यवस्था म्हणजे पुरेशा ताकदीचा ब्लोअर आणि बाहेरच्या भिंतीतून गेलेला डक्ट. जितका आखूड तितका चांगला, वळणं कमीत कमी. ब्लोअर यंत्रापाशी न बसवता डक्टच्या शेवटी, भिंतीबाहेर बसवावा. मग डक्टमध्ये हवेचा दाब कमी राहतो आणि कुठे फट पडली तरी खोलीतली हवा आत ओढली जाते. यंत्रापाशी बसवला तर त्याच फटीतून धूर वर्गात येतो. हे पन्नासातला एखादाच विक्रेता सांगतो. खोली पूर्ण बंद असली तर पंख्याला ओढायला हवाच मिळत नाही, म्हणून दाराखाली फट किंवा समोरची खिडकी उघडी हवी. आणि बाहेरचं तोंड कुठे उघडतं? वरच्या मजल्यावरचा वर्ग, पोषण आहाराचं स्वयंपाकघर, पाण्याची टाकी यांच्यापासून दूर, शक्यतो छताच्या वर. बाहेरची भिंतच नसेल तर कोळशाचा आणि बारीक कणांचा फिल्टर असलेला संच घ्यावा लागतो. तो महाग असतो आणि भरलेला फिल्टर वेळच्या वेळी बदलला नाही तर नुसता आवाज करतो. इंग्लंडमध्ये ‘डिझाइन अँड टेक्नॉलॉजी’ हा विषय १९९०पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहे आणि तिथल्या माध्यमिक शाळांत लेझर कटर नवलाचा राहिलेला नाही. तिथे धूर ओढणाऱ्या यंत्रणेची किमान दर चौदा महिन्यांनी सखोल तपासणी करण्याचं कायदेशीर बंधन असतं. आपल्या शाळेने निदान एक वही ठेवावी आणि त्यात फिल्टर, डक्ट आणि ब्लोअर साफ केल्याच्या तारखा लिहाव्यात.

धुराचा दुसरा भाग म्हणजे यंत्रात काय घालायचं नाही. शाळेच्या प्रकल्पांत सगळ्यात लाडका असतो तो सनबोर्ड. स्टेशनरीच्या दुकानात या नावाने मिळणारे अनेक फलक पीव्हीसी फोमचे असतात. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. ओलाव्यात त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, मुलांच्या घशात आणि यंत्राच्या रुळांवरही. एका दुपारच्या सनबोर्डने नव्या यंत्रावर गंज चढू शकतो. रेक्झिन, फ्लेक्स, व्हिनाइल स्टिकर यांचीही तीच गत. पॉलिकार्बोनेट दिसतं ॲक्रिलिकसारखं, पण कापलं जायच्या ऐवजी काळं पडून पेटतं, थर्मोकोलही पेटतं. शंका असेल तर रसायनशास्त्राची जुनी युक्ती आहे : तांब्याची तार लाल तापवायची, वस्तूला टेकवायची, परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. हे शिक्षकाने खिडकीपाशी करावं, मुलांनी लांबून बघावं. प्लाय घ्यायचं तर घरातल्या वापराचं. पावसात टिकणाऱ्या प्लायचा गोंद लेझरला दाद देत नाही.

आपल्याकडच्या हवामानाबद्दल परदेशी माहितीपुस्तिका फारसं काही सांगत नाहीत. काचेची नळी विजेतला जेमतेम दहावा हिस्सा प्रकाशात बदलते, बाकी सगळी उष्णता. ती पाण्याने वाहून न्यावी लागते आणि पाणी पंचवीस अंशांच्या आत असलं तर नळी जास्त दिवस जगते. कोटेशनमध्ये ‘चिलर’ लिहिलेलं असतं, पण त्यातला स्वस्त प्रकार म्हणजे फक्त रेडिएटर आणि पंखा. तो पाणी खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. एप्रिलच्या चंद्रपुरात किंवा अकोल्यात तो काय करणार? फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असलेलाच चिलर घ्यावा, तो नसला तर लोक बादलीत बर्फ टाकून काम भागवतात आणि नळी तडकते. कोकणात अडचण उलटी. जुलैमध्ये पाणी फार थंड ठेवलं की नळीवर दव धरतं, त्यामुळे तिथे खोलीपेक्षा थोडंच कमी तापमान ठेवायचं. पाणी डिस्टिल्ड, बोअरचं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते बदलायचं, नाहीतर त्यात शेवाळ धरलेलं सापडतं. अर्थिंगबद्दल वेगळं काय सांगायचं? नळीला पंधरा-वीस हजार व्होल्ट लागतात. वायरमनकडून अर्थिंग मोजून घेतल्याशिवाय प्लग लावू नये.

आग लागते. मोठी नसते, पण लागते : जाळीवर साठलेले तुकडे, मंद वेग, बंद पडलेला हवेचा झोत, आणि चहाला गेलेला माणूस. यंत्र चालू असताना शेजारी मोठं माणूस असलंच पाहिजे, आणि हाताशी कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक. पावडरवालं आग विझवतं, पण आरसे, भिंग आणि सर्किट यांची वाट लावतं.

डेमोला जाताना शाळेने स्वतःचा एमडीएफ आणि स्वतःची फाइल घेऊन जावं. विक्रेता आपला नमुना बेडच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात कापून दाखवतो, कारण तिथे आरसे जवळ असतात. त्याला तोच चौकोन चारही कोपऱ्यांत कापायला सांगावं. आरसे नीट जुळलेले नसतील तर लांबच्या कोपऱ्यात तुकडा सुटतच नाही. कापताना झाकण उचलायला त्यालाच सांगावं आणि लेझर थांबतो का ते बघावं. नळी कधी बनली ती तारीख विचारावी. नळी न वापरताही म्हातारी होते. सॉफ्टवेअर एसव्हीजी आणि डीएक्सएफ फाइल घेतं का, हेही विचारावं, म्हणजे मुलांना फुकट मिळणाऱ्या इंकस्केप या सॉफ्टवेअरवर आकृत्या काढता येतील.

माझं मत विचाराल तर बहुतेक शाळांनी पहिलं वर्ष यंत्र घेऊच नये. तालुक्याच्या गावात नेमप्लेट, ट्रॉफी, लग्नपत्रिका कापून देणारी दुकानं झाली आहेत. २०१८च्या थर्मोकोलबंदीनंतर गणपतीची एमडीएफची मखरं कापून त्यांचा श्रावण चांगला जातो. ती मिनिटावर पैसे घेतात. वर्षभर मुलांनी फाइल काढायची, शिक्षकाने दुकानातून कापून आणायचं. मुलांना त्यातूनच कळतं की तीन मिलिमीटरचं म्हणून घेतलेलं शीट कधी २.७ निघतं, कधी ३.२, किरण स्वतः ०.१ ते ०.२ मिलिमीटर खातो. आणि खाच त्याप्रमाणे कमी-जास्त केली नाही तर आकाशकंदिलाच्या पट्ट्या एक तर बसत नाहीत किंवा सुटून पडतात. अकरावीच्या प्रॅक्टिकलपुरतं कपाटात पडलेलं व्हर्नियर कॅलिपर अशा वेळी बाहेर निघतं. वर्षअखेरीला शाळेकडे चाळीस-पन्नास फाइली आणि दुकानाची बिलं असतात, आणि कोणत्या आकाराचं यंत्र लागेल हे त्या बिलांवरूनच कळतं. वर्षभरात दोनदाच दुकानात जाणं झालं असेल तर यंत्राची गरजही नव्हती.

यंत्र कोण चालवणार, हे नाव ठरल्याशिवाय ऑर्डर देऊ नये, आणि ते नाव एकच असू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेत ज्या गुरुजींना यंत्र येतं त्यांचीच बदली होते, पुढच्या जूनपासून यंत्रावर कापड. दोन शिक्षक, प्रयोगशाळा सहायक असेल तर तो, आणि नववीचे पाच-सहा जण एवढ्यांना भिंग पुसण्यापासून आरसे जुळवण्यापर्यंत सगळं आलं पाहिजे. प्रशिक्षण दोनदा घ्यावं, यंत्र बसवताना एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा, कारण खरे प्रश्न तीन महिन्यांनी पडतात.

शेवटी कॅलेंडर. निधी मार्चअखेर संपवायचा म्हणून शाळा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यंत्र उतरवून घेतात. मग परीक्षा, निकाल, मे महिन्याची सुट्टी. नळीची वॉरंटी यंत्राच्या वॉरंटीपेक्षा बरीच कमी मुदतीची असते, आणि यंत्र पहिल्यांदा खऱ्या वर्गासमोर सुरू होईपर्यंत तिचे कितीतरी आठवडे खोक्यातच गेलेले असतात. खरेदी पुढे ढकलता येत नसेल तर कोटेशनवर एक ओळ हाताने लिहून विक्रेत्याची सही घ्यावी : नळीची वॉरंटी यंत्र बसवून, चारही कोपऱ्यांत कापून दाखवल्याच्या तारखेपासून.